जमा, नावे

चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या लिहिल्या.
नाकात पिवळी धूळ, कानावर पेन,
आणि अक्षर असं की शेठ म्हणायचे,
दिवाणजी, छापून आणलंत काय?

मग एका मंगळवारी, चहाची बशी उचलताना
उजवा हात
माझ्याकडे न बघता निघून गेला.
म्हणजे आहे अजून, खांद्याला लटकलेला,
दुसऱ्याच्या छत्रीसारखा.

मिरजेच्या दवाखान्यात मुजावर मॅडम म्हणाल्या,
काका, डावा आहे ना?
मी गप्प.
डाव्यानं आजवर केलं काय,
कागद धरला, एवढंच.
कुठल्याच पानावर त्याचं नाव नाही.

दुरेघी वही आणली.
शेजारच्या कोळेकरांचा वेदू पहिलीत.
तो नि मी एकाच सतरंजीवर, ग म भ न मध्ये अडकलेले.
तो पुढं गेला, जोडाक्षरांवर पोचला.
मी श्रावणभर 'ग'च्या काठीशी.
"आजोबा, तुमचा ग पडला."
पडू दे म्हटलं, मीही पडलोच होतो की न्हाणीत,
उचलला गेलो.

कोणी उचललं, ते लिहून ठेवायचं सुचलं नाही.
जन्मभर हिशेब केला आणि हीच नोंद राहिली.

हरिपुरात हळदीची पेवं होती तेव्हा
तोंड उघडलं की लगेच कोणी उतरत नसे.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं. उद्या बघू.
इंदू रोज सकाळी तसंच करते.
दारातूनच विचारते, उठलात?
माझ्या आवाजावरून ओळखते, आत हवा कशी आहे.
मग येते, शर्टाची बटणं लावते.
तिच्या अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण आहे.
एकोणचाळीस वर्षांच्या संसारात
ती मला आत्ता दिसली.

गुरुवारी बिराप्पा येतो, मिरजेच्या बसमध्ये चढवायला.
क्विंटलाची पोती वाहिलेली पाठ.
म्हणतो, दिवाणजी, तुमी तर वाळल्यालं हळकुंड.
ह्याच बिराप्पाच्या हमालीतले साडेबारा रुपये
सत्त्याण्णव साली मी कापले होते.
पोतं फुटलं म्हणून.
पोतं आधीच उसवलेलं होतं,
मला माहीत होतं.

डाव्या हाताचं पहिलं पूर्ण वाक्य:
बिराप्पाचे साडेबारा रुपये देणे.
अख्खी ओळ उताराला लागलेली,
शेवटचा 'णे' रेघेबाहेर.
त्याला वाचता येईना. मीच वाचून दाखवलं.
बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला.
मग म्हणाला, आणि व्याज?
असा हसला की पुढची माणसं वळली.
व्याजाचं भडंग खाल्लं आम्ही स्टँडवर.
चार घास त्यानं भरवले,
माझा डावा अजून लिहितोच फक्त, खाताना सांडतो.

आता वहीत दोन बाजू आखल्यात, जुन्या सवयीनं.
जमेला काल: अर्धा कप चहा, बशीत थेंब नाही.
आज काही नाही. रेघ मारून ठेवली.
नावे म्हणजे लोकांकडचं येणं, असं आम्ही लिहायचो.
आता त्या बाजूला नुसती नावंच लिहितो.
इंदू. मुजावर मॅडम. वेदू. बिराप्पा.
तो कंडक्टर, मी चढेपर्यंत घंटी न मारणारा.
त्याला विचारायचं राहिलंय.
जागा सोडलीय.

परवा बँकेत सही जुळली नाही.
बाईंनी नवं कार्ड पुढं केलं, तीनदा करा म्हणाल्या.
केल्या. तिन्ही वेगळ्या.
"काका, यातली तुमची कुठली?"
मागं रांग होती. कोणीतरी खोकलं.
मी कार्ड जरा तिरकं केलं, डाव्याला बरं पडतं तसं,
आणि म्हटलं, थांबा बाई,
चौथी करून बघतो.