अकरावं नाव

शंभर वर्षांची स्मरणिका निघणार, इतिहास तू लिही म्हणाले,
एक पान. त्यातच गुळाच्या दुकानाची जाहिरात.
म्हणून तालमीच्या माळ्यावरून वही काढली,
कडांना लाल माती, आणि पहिल्या पानावर:
"चेंडू एक. फुगे दोन. पंप मागून आणला."

वस्ताद रावबा सासने म्हणाले होते म्हणे,
"देवानं हात दिल्यात, आन् ह्ये लाथा मारत्यात. गाढवं!"
तरी आखाड्यातली सहा पोरं गेलीच,
लंगोटावर अर्धी चड्डी चढवून, अनवाणी,
रंकाळ्यापल्याडच्या माळावर.
गोलचे खांब म्हणजे मोडक्या गाड्यांची दोन जुवं.
वर आडवी काठी नाही. बॉल उंच गेला
की अर्धा तास भांडण, मग उसाचा रस.

पहिली मॅच हायस्कुलाशी. त्यांच्या पायात बूट.
"सात शून्य. सात त्यांचे.
गणू चौगुले, अंगठ्याचं नख, एक.
लिंबं सहा पैसे. गूळ बाबालाल मुजावरानं दिला."

मग पानापानावर एकच ओळ:
"शिवणावळ, येसबा व्हटकर, दोन आणे. देणे."
पायताणाचं चामडं, मेण लावलेला दोरा.
येसबाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते,
चेंडूच बाहेर जायचा
आणि सांजच्याला गुबगुबीत होऊन आत यायचा.

चौथ्या वर्षी मिरजेत गोलकीपर तापानं पडला.
त्या दिवसाच्या यादीत दहा नावं.
अकराव्या ओळीत नुसतं "चेंडूवाला".
"दोन एक. दोन आमचे."
त्या शब्दावरून की खालून शाईची रेघ गेलीय,
खोडलंय की ठळक केलंय, मी भिंग लावूनही बघितलं.
परत आल्यावर तो उंबरा ओलांडून आत बसला का,
दूध कुणी दिलं, कुठल्या भांड्यात,
वही बोलत नाही.
पुढचं पान: "शिवणावळ. देणे."

काल बेरीज केली. सत्तेचाळीस वेळा दोन आणे,
पाच रुपये चौदा आणे.
स्टेडियमवर खजिनदाराला गाठलं, म्हटलं,
शंभर वर्षांचं व्याज कसं धरायचं रे?
तो उभाच राहिला होता, माझ्याकडं न बघता म्हणाला,
"थांब गड्या, पेनल्टी हाय आपल्यावर."