हात पाहिला

डेडस्टॉक रजिस्टर, अनुक्रमांक चारशे बारा:
काचेचा फुगा, एक. तीन शेंड्यांचा.
किंमत – रेघ.

नागपूरचा मे. तळघरातल्या कूलरचं पाणी संपलंय,
ओल्या वाळ्याचा वास तेवढा शिल्लक.
फडक्यानं पुसली तर एका अंगानं काच जांभळट,
किरणांनी पिकवलेली.

खोक्यात तळाशी ऑपरेटरची वही.
लक्ष्मण पराते, राहणार टिमकी,
बाप हातमागावर, पोरगा विजेवर.

पेशंट यायच्या आधी रोज बघायचं
नळी कडक की मऊ.
त्यासाठी पडद्यामागं हाड लागतं.
कोणाचं?
कळ डाव्या भिंतीला, म्हणून उजवा.

बारा जून. हात पाहिला. नळी मऊ.
तेरा जून. हात पाहिला. कडक. स्पिरिटच्या दिव्यानं शेकली.
चौदा. हात पाहिला.
पानंच्या पानं. मधे एकदाच:
खाज. खोबरेल लावले.

सातव्या वर्षी अक्षर बदलतं,
पहिलीतल्या पोरासारखं, ओळ सोडून उतरणारं.
वाटलं, नवा माणूस आला असेल.
सही तीच. पराते.
डाव्या हाताची.

आणि खाली, दुसऱ्याच दिवशी:
कळ उजवीकडे बसवून घेतली.
हात पाहिला.

"काय आहे बे त्यात?" वरून शिपाई विचारतो.
काही नाही, मी म्हणतो,
आणि खरंच, आत काहीच नाही,
तेव्हा हवा काढून घेतली
ती अजून आत आलेली नाही.

निर्लेखनाच्या कागदावर सही हवी आहे.
पेन उघडून बसलोय.
बोटं मोजतोय.