कट क्रमांक

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
मे महिन्यात रात्री दीडलाही भिंत हाताला गरम लागते.
कूलरमध्ये वाळ्याचा वास, टेबलावर
कव्हर काढलेलं एक मशीन,
दर चाळीस सेकंदांनी आम्ही त्याचा जीव काढतो.

आधी गोवर्धन तुमसरे प्लग हातानं उपटायचा.
बोटांना घट्टे पडले तेव्हा म्हणाला,
"मॅडम, मी का जल्लाद हाओ?"
आणि दुसऱ्या दिवशी रिले बसवला.
रिले टक् करतो. पंखा मंदावतो. दिवा विझतो.
पुन्हा टक्.
मग आम्ही बघतो, काय उरलं.

सोळा किलोबाइटचं एक पान.
डिस्कच्या लेखी ते चार तुकडे,
आणि वीज कुठल्याही दोघांच्या मधून जाते.
मागच्या आठवड्यात, दुरुस्तीआधी, असं एक सापडलं :
दुसऱ्या तुकड्यात पंचफुलाच्या खात्यातून सातशे वजा,
चौथ्यात मनीरामला मिळालेच नाहीत.
दोघंही आम्हीच रचलेले, चाचणीपुरते.
तरी मी घरी जाऊन जागीच होते.
जुनं चाललं असतं, नवंही चाललं असतं.
त्या मधल्याला वाली नव्हता.

आई कळमन्याच्या मिरची यार्डात काट्यावर कारकून होती.
गाडी काट्यावर चढली की वजन आधी डाव्या तळहातावर,
निळ्या बॉलपेननं,
मग वहीत,
मग नळाखाली हात.
वहीत लिहिताना कुणी हाक मारली, शाई आटली,
ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं,
तरी हात होता.
जर्नल म्हणजे एवढंच, मी नव्या पोरांना सांगते.
फक्त दोनदा लिहावं लागतं,
आणि गाड्यांची रांग थेट फाटकापर्यंत जाते.

आता नवी डिस्क म्हणते, हात रंगवू नका.
सोळाच्या सोळा एकदम द्या,
लिहीन तर सगळं, नाही तर जुन्याला शिवणार नाही.
आमचं काम इतकंच :
फाइलसिस्टिमनं ते पान वाटेत फोडू नये,
जागा सलग द्यावी, सोळाच्याच पटीवर सुरू होणारी,
आणि जमत नसेल तर आधीच नाही म्हणावं.
तोंडावर.
एवढं तिला शिकवायला मला सात महिने लागले.

डिस्कवर माझा विश्वास नाही.
"लिहिलं" म्हणते तेव्हा कधी कधी
ते अजून तिच्या ओठांतच असतं.
म्हणून हे टक्, टक्.

आज अकरा हजारांच्या पुढे गेलो.
एकही पान फाटलं नाही.
"आता तं माना मॅडम," गोवर्धन म्हणाला,
"पक्कं होऊन राह्यलं."

तीन वाजून बारा मिनिटांनी खरीच लाइट गेली.
टक् नाही, काही नाही.
परसोडी काळीठिक्कर,
रिंग रोडवरच्या ट्रकांचा उजेड तेवढा छतावरून सरकत गेला.

वीज आल्यावर पान तपासलं. शाबूत. जुनंच्या जुनं.
पण मोजणाऱ्या मशीनला यूपीएस लावायचं
आम्ही उद्या उद्या करत राहिलो होतो.
त्याच्या नोंदीतली शेवटची ओळ :
कट क्रमांक ११२०
आणि पुढे कोरं.
एक आकडा यायचा होता अजून.

गोवर्धन खुर्चीवर हसत हसत वाकडा झाला.
"हा कट धराचा का, मॅडम?"

मी पेन शोधलं.
डावा तळहात घामानं ओला होता,
आधी तो कुर्त्याला कोरडा केला.