दार माझं नाही

दुमक्याचे सुकुमार हांसदा लिहितात
एकशे चौथ्या दिवशी:
"नमस्कार. सूर अजून आला नाही.
तक्रार नाही. विचारतो आहे."

मी दांडिया बाजारात, मागच्या खोलीत,
खोक्यात वर्तमानपत्र चुरगाळत बसलेली.
एकशे चौथा!
कुरियरकडे दावा पंधरा दिवसांत करायचा,
कंपनीकडे तीस,
त्यानंतर हरवलेली वस्तू हरवलेलीसुद्धा राहत नाही,
'पोचली' होते.

सासऱ्यांचं रावपुऱ्यातलं पेटीदुरुस्तीचं दुकान उठलं
तेव्हा माझ्या वाट्याला आले पितळेचे सूर, तीन डबे,
प्रत्येकावर त्यांच्या हातची खूण, खिळ्यानं कोरलेली.
ते विकते. एकेक. तळहाताएवढ्या पाकिटांतून.
एका सुराचं वजन अकरा ग्रॅम,
पावतीवर पन्नास,
त्याखाली त्यांचा काटाच बोलत नाही.

या धंद्यात काय काय वाचलंय मी.
लुधियान्याच्या एकानं उघड्या पाकिटाचा फोटो पाठवला, आत साबणाची वडी.
साबण आमच्या घरचा नव्हता.
कोट्याची बाई सहा महिन्यांनी म्हणाली, रंग आवडला नाही.
पितळेचा.
तेव्हापासून वही ठेवलीय, लाल शाईची.
हांसदांचं नाव तिच्यात लिहायला घेतलं
आणि 'तक्रार नाही'पाशी पेन अडलं.

केतुलला फोन केला, मकरपुऱ्याच्या गोदामात.
"बेन, डिलिव्हर दाखवतंय. फोटो पण आहे."
"कोणाचा?"
"दाराचा."

निळं दार. अर्धी चौकट. उंबऱ्यावर माझं पाकीट,
माझं अक्षर, माझी जास्तीची टेप.
आणि कोपऱ्यात एका काळ्या शेळीचे
पुढचे दोन पाय, अर्धं तोंड, एक कान.

पाठवला. हे दार तुमचं?

संध्याकाळ गेली. कुकरच्या तीन शिट्ट्या गेल्या.
मग:
"दार माझं नाही.
शेळी ओळखतो. फाटक्या कानाची, सोनामुनीची."

आणि चार दिवस काही नाही.

पाचव्या दिवशी ते सविस्तर लिहितात.
शेळीचं घर नदीपलीकडे. आडनाव तेच,
अर्धं गाव हांसदाच.
पाकीट तिथल्या पोरानं कधीच उघडलं होतं,
आतली पट्टी ओठाला लावली, फुंकली,
वाजली.
आता ती त्याच्या गळ्यात असते, दोऱ्याला.
शेळ्या तिच्या आवाजावर परततात.
"मागितली नाही," असं लिहितात.
"आमच्या शाळेच्या पेटीत कोमल निषाद नाही.
प्रार्थनेत मुलं तेवढी जागा
श्वास घेऊन ओलांडतात. सवय झालीय.
दुसरा असला तर पाठवा. पैसे दोन्हींचे देईन."

कंपनीचं उत्तरही त्याच दुपारी:
मुदत संपली, प्रकरण बंद, आपला अनुभव कसा होता, तारे द्या.

डबा काढला. कोमल निषाद एकच उरलेला.
पैसे एकाचेच घेतले,
कोणत्या एकाचे ते लिहिलं नाही.

सासरे प्रत्येक सूर आधी भात्यावर बोलवून पाहत,
गिऱ्हाईक कितीही घाईत असो.
भाता भंगारात गेला.
मी दार लोटून घेतलं, पट्टी ओठाला लावली,
जुन्या नाण्याची चव, हातपंपाच्या पाण्याची,
आणि फुंकलं.
जिन्यावरून कोणीतरी विचारलं, काय झालं गं?

काही नाही म्हटलं. टेप लावली, एक पट्टी जास्तीची.
पत्त्याखाली, जिथे जवळची खूण लिहायची असते,
तिथे लिहिलं:
शाळा.
शेळी दिसल्यास पुढे जावे.