आरसे घासणारा

हिमीहून निघालो की पंधराव्या दिवशी ओनुईचं दार.
पाठीवर पारा, कथील, डाळिंबाचा आंबट रस.
काशाचा आरसा ती बाहीत गुंडाळून आणायची,
"असा घास," म्हणायची, "की काळं काळंच दिसावं."
आणि हसायची.
लाखेच्या वाटीसारखे दात,
भुवया सफाचट.
अख्ख्या गावात त्या हसण्याला तोड नव्हती.
जिन्याखालच्या बरणीत खिळे कुजायचे,
चहात, साकेत, वर्षवर्ष.
मरणाची घाण,
पण त्या घाणीला कुणी नाव ठेवत नसे.

यंदा सून आली दाराशी.
पांढरे दात, जाड भुवया,
मागे भिंतीवर योकोहामाची काच,
जिला ना घासणं लागतं, ना मी.
"सासूबाई हल्ली हसत नाहीत," म्हणाली,
हवापाणी सांगावं तशी.

ओनुई मागच्या ओसरीवर.
भुवया फुटत होत्या,
कापणीनंतरच्या धसकटांसारख्या.
बाहीनं तोंड झाकून आरसा पुढे केला.
घासला मी. नेहमीपेक्षा जास्तच वेळ.
समोर धरला, तर बघेना;
मागची सारसांची नक्षी चाचपत राहिली,
सारसाच्या चोचीपाशी बोट थांबलं.

पैशांसोबत बरणीतले खिळे दिले, पुसून.
"लोखंड आहे. कुठेतरी लागेल."

घरी येऊन ठोकले.
चार वाकले.
पाचवा धरून आहे अजून,
त्यावर माझं इरलं.