मोकळी तारीख

डलूथमध्ये जागाच नाही.
मिनीॲपोलिसला एक होती, सकाळी आठची,
मी चहा ओतून घेईपर्यंत ती कुणीतरी नेली.
आता पडद्यावर उरलंय फार्गो,
चार तासांचं सपाट अंतर,
आणि माझी तीन महिन्यांची मुदत
साबणाच्या चिपटीएवढी.

एकदा मार्चमधली तारीख घेतली. सोडली.
मग एप्रिलची. तीही सोडली, दंड भरून.
हॉटेलातल्या दोन शनिवारांची टीप त्यात गेली.
जीवरसायन अजून कच्चं आहे, असं मी सगळ्यांना सांगते.
कच्ची मीच आहे.

बाबा विचारत नाहीत.
तीस वर्षं ते खनिजाच्या जहाजांवर स्वयंपाकी होते.
सरोवराचा बर्फ फुटल्याशिवाय
निघायची तारीख तिथे कुणी देतच नसे.
टेबलाच्या माझ्या अर्ध्यात कार्डांची चळत,
त्यांच्या अर्ध्यात बटाटे.

रात्री अकरा. प्रश्न दोन हजार सहाशे चार.
एकसष्ट वर्षांचा पुरुष. सिगारेट, चाळीस वर्षं.
तीन महिने खोकला. वजन सहा किलो उतरलेलं.
बोटांची टोकं फुगीर, नखं घड्याळाच्या काचेसारखी.
पुढची पायरी कोणती?
मी 'क' दाबला. बरोबर.
हिरवी खूण उमटली, शाबासकीसारखी,
आणि पलीकडे सालं काढणारी सुरी थांबली,
कारण बाबा खोकत होते.

हात दाखवा, मी म्हटलं.
"स्वच्छ आहेत," ते म्हणाले.

त्यांच्या दोन्ही तर्जन्यांची नखं
पाठीला पाठ लावून मी दिव्यासमोर धरली.
मधे एक फट दिसायला हवी,
इवलीशी, हिऱ्याच्या आकाराची.
माझ्या बोटांत दिसते, दिव्याचा पिवळा तुकडा तिथे मावतो.
त्यांच्या बोटांत काहीच नव्हतं.
घट्ट मिटलेलं, आणि ओल्या बटाट्याचा वास.

"परीक्षेत येतं का हे?"
येतं.
"मग बरं झालं, घरातच सापडलं."

डॉक्टरांनी छाती ऐकली, स्कॅन लिहून दिला.
मी फोनवर अर्धा तास तीच ती धून ऐकली,
मग एक बाई म्हणाली, नऊ मे, गुरुवार, सकाळी आठ.
त्यानंतरची? तीन आठवड्यांनी.
आणि फार्गोच्या महिन्यात एकच चौकोन मोकळा:
नऊ, गुरुवार, आठ.

मी तिसऱ्यांदा सोडायला निघाले होते.
बाबांनी चष्मा चढवला, पडद्यापाशी वाकले.
"फार्गो? तिथे स्टेशनाजवळ एकजण अंडी छान करायचा.
तू जा. मला काय, नुसतं पडून तर राहायचंय.
शेजारची व्हर्ना नेईल, तिलाही बोलायला कुणीतरी हवंच असतं."
दुखणं अंगावर काढायची सवय
इतकी जुनी झालेली
की उदारपणासारखी दिसते.
मी 'नक्की करा' दाबलं. तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी त्यांनी माझे खिसे उलटे करवले.
चष्म्याच्या काड्या तपासल्या, बाह्या कोपरापर्यंत वर.
परवान्यावरचं नाव, ओळखपत्रावरचं नाव,
अक्षराला अक्षर लावून: आयला मारिया केत्तुनेन.
घड्याळ काढा. साखळी काढा.

अडीचशे मैलांवर त्याच वेळी
एक माणूस घड्याळ काढत असेल,
आईची जुनी साखळी, जी त्याने कधीच काढली नव्हती, तीही.
श्वास धरा, असं त्याला भिंतीआडून कुणी सांगत असेल.
मी पहिला खंड उघडला.
त्याला 'सोडा' कधी म्हणाले, मला कळलं नाही.

सुरुवातीच्या सूचनांची पंधरा मिनिटं मी वगळली,
ती सुट्टीच्या खात्यात जमा होतात.
चौथ्या खंडानंतर त्यातली सहा खर्चली
लॉकरसमोर उभं राहून, केळं न सोलता,
छतावरच्या ट्यूबलाइटपुढे
माझीच दोन नखं जुळवून बघत.

देखरेखीवरच्या बाई जवळ आल्या.
हातावर काही लिहिलंय का, त्यांनी विचारलं.
मी तळवे उघडून दाखवले.