बाकी सात

गणेशपेठ डेपोत रात्री हिशोब लावला
तर पाकिटात सात रुपये जास्त.
कमी निघाले तर खिशातून भरायचे,
जास्त निघाले तर पावती फाडून जमा.
मी जमा केले नाहीत.

दिग्रसहून बसली होती म्हातारी.
अंगावर मळखाऊ निळं, पांढरं लुगडं पिशवीत घडी करून.
दोनशेची नोट, तिकीट एकशे त्र्याण्णवचं.
"चेंज नाही, मावशी."
"थे काय अस्ते?"
"सुट्टे."
"मंग सुट्टे म्हन न वं."
तिकिटाच्या पाठीवर लिहून दिलं, बाकी ७,
आणि भोवती गोल केला.

बुटीबोरीला श्रावस्तीचा फोन.
आई, चेंजची पाच वाक्यं पाहिजेत,
पाचही अर्थ निराळे, उद्याच दाखवायची आहेत.
मी म्हटलं, गाडी भरून आहे, तू लिही.
तेवढ्यात ड्रायव्हर काटोलेंनी गिअर बदलला
आणि गाडी अशी कण्हली
की म्हातारीनं पिशवी पोटाशी धरली.

कितव्यांदा चालल्या, मी विचारलं.
"मोजलं नाही. पहिल्या खेपेले मायच्या पोटात होती,
बाप अन् माय पायदळ आले होते."
म्हणजे तेव्हाच धर्म बदलला तुमचा?
ती खिडकीबाहेर बघत राहिली,
खापरी गेलं, विमानतळ गेला.
मग म्हणाली,
"बदलला नोको म्हनू.
बदलाले आंधी काई असा लागते अंगावर."

रहाटे कॉलनीच्या चौकात अर्धी गाडी उतरली,
रस्ताभर पांढरंच पांढरं,
त्यात ती निळी तेवढी दिसत होती, मग तीही नाही.
मावशी, सात रुपये! मी ओरडले
तोवर सवयीनं दोरी ओढून झाली होती.

घरी पोहोचले तर एक वाजला होता.
श्रावस्ती वहीवरच झोपलेली,
इंग्रजीत चार वाक्यं, कानाखाली दुमडलेली.
हवा बदलली.
वर्ध्याला गाडी बदलावी लागते.
मी शाळेतून आल्यावर कपडे बदलते.
पप्पांनी नंबर बदलला.

पाचचा आकडा घालून पुढची ओळ कोरी.
तिथे मी एक पाचचं नाणं ठेवलं, एक दोनचं,
आणि दिवा घालवला.
सकाळी विचारेल, हे कोणाचे.